मागच्या फाटकाचं पाणी

आमच्या गावात दगडफेक झाली त्या संध्याकाळी माझा नवरा दुकानाचं शटर ओढत होता. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान बाजारपेठेच्या तोंडाशी आहे. देवाची दरवर्षीची मिरवणूक तिथं थांबली, कोण कोणाला काय बोललं ते आजवर धड कळलं नाही, आणि दोन्हीकडून दगड सुरू झाले. एक त्याच्या उजव्या कोपरावर बसला. आमच्या मागच्या गल्लीत मुसलमानांची घरं आहेत. त्यातली काही त्याच संध्याकाळी जळाली. मग संचारबंदी लागली.

नवऱ्याला खामगावला नेऊन प्लास्टर घालून आणलं. सासूबाई त्याच्या खाटेजवळ बसून साऱ्या मुसलमानांना शिव्या घालत होत्या. मीही मनात घालत होते, पण माझ्या शिव्या दोन्हीकडच्यांना होत्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मिरवणुकीत नाचणारी पोरं माझ्या हाताखालून गेलेली, आणि गच्चीवरून दगड मारणारीही.

आमच्या परसात बोअर आहे. परसाचं फाटक मागच्या गल्लीत उघडतं. नळ आठ-दहा दिवसांनी यायचा, म्हणून तिकडच्या बायका सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडून पाणी नेत. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

संचारबंदी सकाळची थोडी ढिली झाली तेव्हा त्या बायका फाटकाशी आल्या. पुढे होती ती शिवणकाम करणारी. माझे सगळे ब्लाऊज तिनंच शिवलेले. तिचं घर जळालं होतं, मशीनसकट.

"बाई, दोन कॅन भरू द्या," ती म्हणाली. "नळाचा पाइप जळून गेला. पोरायले प्यायले नाही."

मी काही बोलायच्या आत समोरच्या घरातले काका परसात शिरले. सोबत गल्लीतले दोघं. ना हाक, ना विचारणं.

"मोटर चालू करायची नाही, सूनबाई," काका म्हणाले. "गल्लीनं ठरवलं हाय."

"कधी ठरवलं?"

"काल मंदिरात बसलो होतो सारे."

"मले कोणी बोलावलं नाही."

"बायायचं काय काम तिथं?"

त्या क्षणी मला फाटकाबाहेरच्या बायकांची दया आली असं कोणी समजू नये. आत माझा नवरा कण्हत पडला होता, दया कुठून येणार? माझ्या डोक्यात एवढंच आलं की ही माणसं माझ्या परसात उभी राहून मला हुकूम सोडतायत. मी खटका दाबला. मोटर घरघरली.

"हे बरं नाही केलं तू."

"पाणीच हाय, काका. रॉकेल नाही."

ते गेले. सासूबाई ओसरीतून सगळं बघत होत्या. "त्यायनं माह्या पोराचा हात मोडला, न् तू त्यायले पानी पाजून राह्यली?"

"तिनं मोडला काय? ती घरात मशीनवर बसली होती."

"सारे एकच."

"मंग त्यायची घरं मीच जाळली असं समजा."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं जेवण बंद केलं. आपली भाकरी आपण थापायच्या आणि माझ्याकडे पाठ करून खायच्या. गल्लीनंही कसर ठेवली नाही. दूधवाला आमचं घर सोडून पुढे जाऊ लागला. गल्लीच्या ग्रुपमधून नवऱ्याला काढलं. फाटकाला कोणीतरी शेण फासलं, ते मी धुतलं, पुन्हा फासलं. शाळेत एक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, काही लोकांना पुण्य फार स्वस्त मिळतं.

एका सकाळी मोटरची वायर कापलेली दिसली.

"दुकानात कोणी येऊन नाही राह्यलं. काऊन, ते समजते ना तुले?" नवरा म्हणाला.

"समजते."

"मंग बंद कर हे."

"तुमी करा. फाटकावर जा न् सांगा त्यायले."

तो तणतणत गेला. मी मागून गेले. बाहेर तीच शिवणवाली कॅन घेऊन उभी होती. तिनं त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं.

"भाऊ, लई दुखते काय?"

"तुमच्याच लोकायनं मारला."

"हो," ती म्हणाली. "न् तुमच्या लोकायनं माही मशीन जाळली."

मला वाटलं, आता हा फाटक आपटेल. तो खाली बसला, तुटलेली वायर उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेन बंद करून ये. न् पक्कड आण." एका हातानं त्याला तारा सोलता येईनात. तिनं कॅन ठेवली, आत येऊन वायरचं टोक धरलं. तो सांगत गेला, ही इकडं वळव, आता पिळ, मी टेप गुंडाळला. कोणी कोणाशी गोड बोललं नाही. पाणी आलं, तिनं कॅन भरली आणि गेली.

पुढे उन्हाळ्यात नळाचे दिवस आणखी लांबले. गल्लीतल्या विहिरींनी तळ गाठला. एक दिवस काकांची सून पुढच्या दारानं आली, खाली मान घालून, हातात घागर. मी खटका दाबला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. पुढच्या दारानं आलेल्या एका बाजूला, मागच्या फाटकानं आलेल्या दुसऱ्या बाजूला. मधे मोटर.

मग व्हायचं तेच झालं. काकांच्या सुनेनं शिवणवालीची कॅन सरकवून आपली घागर नळीखाली लावली.

"नंबर माहा होता."

"होता तं होता. मले स्वयंपाक पडला हाय."

"न् मी काय उपाशी ठेवू पोरं?"

आवाज चढले. एकीनं दुसरीच्या सासरचाही उद्धार केला. पण त्या भांडणात मिरवणूक आली नाही, मशीन आली नाही, कोणाचा देव आला नाही. सासूबाई तरातरा आल्या, घागर उचलून बाजूला ठेवली आणि ओरडल्या, "ज्याचं भांडं आधी, त्याचं पानी आधी. पटत नसन तं निंघा दोघीबी." मग मला म्हणाल्या, "तू काय पाह्यत उभी हायस? नळी धर." कित्येक आठवड्यांत त्या माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या होत्या, आणि तेही खेकसून.

काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. रस्त्यात दिसले तर तोंड फिरवतात. जळालेल्या घरांपैकी एक कुटुंब मेहकरला नातेवाइकांकडे गेलं ते परत आलं नाही. त्यांना कोणी बोलावलंही नाही; आम्हीही नाही.

यंदा मिरवणुकीच्या दिवशी पोलीस सकाळपासून चौकात उभे होते. बायका रोजच्यापेक्षा लवकर आल्या, दोन्ही दारांनी. "आज लवकर भरून घेतो," शिवणवाली म्हणाली. काकांची सून म्हणाली, "मीबी म्हनूनच आली." भरभर भरून दोघी गेल्या. संध्याकाळी ढोल आमच्या गल्लीवरून जाईपर्यंत मी ओसरीत बसून राहिले. नवऱ्यानं दुकान उघडलंच नव्हतं. सासूबाई भाजी निवडत होत्या, माझ्याही वाट्याची. ढोल लांब गेले. काही झालं नाही.