सुरयांच्या बेटावर आबा

चैत्रातल्या त्या सकाळी बेट दिसण्याआधी त्याचा वास आला. खारट, उग्र, तापू लागलेल्या खडकाचा आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा. मग कोकणकिनाऱ्यापासून दूरवर त्या उजाड कातळावर हजारो सुरय पक्ष्यांचं पांढरं, अस्वस्थ आभाळ उभं राहिलं. मचव्यालगत दोन डॉल्फिन उसळून गेले तेव्हा शेजारी बसलेल्या आबांनी, माझ्या वडिलांनी, भक्तिभावाने हात जोडले आणि मी मात्र, खरं सांगायचं तर, मेल्याहून मेल्यासारखी झाले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते, आणि घरटी मोजायला निवडलेल्या पाच जणांत खानदेशातली मी एकटीच. पारोळ्याकडच्या कोरडवाहू शेतात जन्म काढलेल्या आबांनी समुद्र पाहायचा हट्ट धरला म्हणून त्यांना सोबत आणलं. पण उतरताना हळूच बजावलं, ‘मचव्यापाशीच बसा, फार बोलू नका.’ त्यांच्या धोतराची नव्हे, अहिराणीची मला लाज वाटत होती. आज हे लिहितानाही कान तापतात.

मोजणी झटपट उरकायची होती, कारण पक्षी फार वेळ उठून राहिले तर उन्हात अंडी करपतात. आमच्या पथकाचे प्रमुख पुढे, आम्ही मागे, साऱ्यांच्या नजरा वर. तेवढ्यात मचवा सोडून मागोमाग आलेल्या आबांचा खणखणीत आवाज आला, “थांब माय, पाय नको टाकू. आठे अंडा शेतस.”

माझ्या उचललेल्या पावलाखाली, वाळू-शिंपल्यांच्या चुऱ्यात, ठिपक्यांचं एक अंडं होतं. वीतभर पलीकडे दुसरं. काडीचंही घरटं नाही. आमच्याकडे उन्हाळी नांगरटीत टिटवी अशीच ढेकळांत अंडी घालते. ती कुठे जास्त कासावीस होते ते पाहून आबा औत थांबवत, अंड्यांशेजारी दगड ठेवत आणि तेवढा तुकडा सोडून बैल वळवत. ते पडीक तुकडे पाहून लहानपणी मला वाटायचं, आबांना नीट नांगरता येत नाही.

प्रमुख बाजूला झाले. “काका, तुम्ही पुढे व्हा,” एवढंच म्हणाले. आबा प्रत्येक अंड्याशेजारी एकेक शिंपला ठेवत चालले आणि आम्ही शिकलीसवरली माणसं त्यांच्या पावलात पाऊल टाकत मागे. एकही अंडं फुटलं नाही. माझी छाती अभिमानाने भरून आली आणि मी शिंपले मोजत आकडे लिहीत गेले.

परतताना प्रमुखांनी निरीक्षकांच्या नोंदीचा कागद फिरवला: नाव आणि पक्षिनिरीक्षणाचा अनुभव. माझ्या नावापुढे मी ‘सहा वर्षे’ लिहिलं आणि आबांना त्यांचा अनुभव विचारला. ते संकोचून हसले. “मी कवय पाखरे देखात? मी त वावर नांगरं.” पाखरं त्यांनी म्हणे कधी पाहिलीच नव्हती, नुसतं शेत नांगरलं होतं.

त्यांचं नाव मी माझ्या नावाच्या वर लिहिलं, पुढच्या रकान्यात त्यांचं ते वाक्य जसंच्या तसं, अहिराणीतच उतरवलं, आणि कागद प्रमुखांच्या हातात दिला.