दोन आटे मागं

...नाही रे, 'चिमटी' हे तिचं कारखान्यातलं नाव. दिवसभर हातात चिमटा, म्हणून. माझी धाकटी बहीण ती, तुझी मावशीआजी. लिही पुढं, आणि माझं बोलणं सुधारत बसू नकोस.

केसाएवढ्या काचेच्या तारेतून म्हणे कितीतरी रंगांचे उजेड एकदम धावतात, प्रत्येकाच्या पाठीवर वेगळा निरोप. त्यातला हवा तेवढाच रंग काढायची गाळणी ही जुळवायची. गाळणी जरा तापवली की रंग बदलतो. गाळणीच्या डबीचं झाकण उघडं ठेवून ती तापवायचा आकडा जुळवायची, वहीत लिहायची. मग झाकण लावायचं, आत ऊब कोंडू द्यायची, आणि त्या उबेनं रंग सरकू नये म्हणून तापवायचा स्क्रू दोन आटे मागं फिरवायचा. ते दोन आटे वहीत नव्हते, तिच्या बोटांत होते.

आणि साहेबानं काय करावं? वही उचलली, वर स्वतःचं नाव घातलं अन् हिला बसवलं खोकी बांधायला! अकरा वर्षं डोळे फोडले होते माझ्या बहिणीनं!

ती भांडली नाही. तिथं काचेच्या तारेची मोठमोठी रिळं असायची. उजेडाला थांब म्हणून चालत नाही ना, मग त्याला रिळात फिरवत ठेवायचं, वेळ आली की सोडायचं. हिनं राग तसाच फिरवत ठेवला.

माल बघायला पाहुणे आले. साहेबानं वहीबरहुकूम जुळवलं, सगळं झकास. मग ऐटीत झाकण लावलं. पाहुण्यांचा चहा होईस्तोवर पडद्यावर भलत्याच रंगाचा निरोप! साहेब घामाघूम, धावत खोकीवाल्या खोलीत.

"चिमटे, बघ ना जरा, काय झालंय?"

"मला काय कळतंय साहेब? पद्धत तुमची."

"अगं, पाया पडतो!"

"पडा. सुतळीवर तेवढं पडू नका, गाठ सुटेल."

पाहुणे गेले ते गेलेच. ही ते झाकण डब्याच्या पिशवीत टाकून घरी आली. काम सुटलं, पण आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

तो मेला अजून सांगत फिरतो, यंत्रच खराब होतं म्हणून. ही म्हणते, "जाऊ दे ताई." तिचं मन मोठं असेल, माझं नाही. परवा तुझ्या कॉलेजात भाषणाला येतोय ना तो? माझ्या बटणांच्या डब्यावर आहे बघ ते झाकण. पुसून ने, सगळ्यांसमोर त्याच्या हातात दे. म्हणावं, चिमटीनं पाठवलंय. लावलं की दोन आटे मागं.