दोन पेपरांचा नियम

नौपाड्यात आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर एक वार्ताफलक आहे. लाकडी चौकट, काळा फळा, वर पत्र्याचे छोटे छप्पर. तो एका मंडळाने बसवला. मंडळ आता फक्त गणपतीत दिसते. फळा मात्र रोज लिहिला जातो. लिहिणारे गृहस्थ महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. मीही.

फळ्यावर तीन बातम्या मावतात. पहिली जगाची, दुसरी देशाची, तिसरी ठाण्याची. ही तिसरी बहुतेक वेळा पाणी कधी येणार नाही याची असते. अक्षर इतके नेटके की रिक्षावाले रिक्षा न थांबवता वाचतात. सरांचा एकच नियम होता. दोन वेगवेगळ्या पेपरांत छापून आल्याखेरीज बातमी फळ्यावर घ्यायची नाही. टीव्ही चालत नाही, मोबाइल तर मुळीच नाही. एकदा एका वृद्ध पुढाऱ्याच्या निधनाची बातमी सकाळपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होती. लोकांनी आग्रह केला, सरांनी लिहिली नाही. दोन दिवसांनी तो पुढारी रुग्णालयातून चालत घरी गेला. तेव्हापासून नौपाड्यात एखादी बातमी खरी की खोटी असा वाद निघाला की कोणीतरी म्हणायचे, फळ्यावर आलीय का बघा.

मी एका मराठी दैनिकात परदेशाचे पान पाहतो. रात्री उशिरा घरी येतो, उशिरा उठतो. सरांनी घेतलेल्या दोन पेपरांपैकी एक आमचा असे. माझ्या हातून गेलेली बातमी दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर खडूने लिहिलेली पाहायचो, निम्म्याहून कमी शब्दांत. शब्द कमी करण्यात सर आमच्या कुठल्याही उपसंपादकापेक्षा पुढे होते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष सरांना आवडत. कारण साधे होते. सुरू असलेली युद्धे थांबवू आणि नवी करणार नाही, असे सांगून ते निवडून आले होते. सरांचा एकुलता मुलगा तेलवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. त्याची बायको आणि पाच वर्षांची मुलगी डोंबिवलीला राहत. समुद्रावर माणूस असलेल्या घरात परराष्ट्र धोरण म्हणजे काय, हे मी सरांकडून शिकलो. जहाज कुठल्या पाण्यातून जाणार आणि त्या पाण्यावर कोण कोणाला धमकावतो आहे, एवढेच.

फळ्यासमोर रोज सकाळी एक गृहस्थ येत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कळव्याचे. नौपाड्यात दिलेल्या मुलीकडे येऊन ते नातवाला शाळेत सोडत आणि जाताना सरांना डिवचत.

"काय सर, तुमचे साहेब आज काय म्हणतात? मिटवताहेत की पेटवताहेत?"

"मिटवतील हो. तुमच्या खात्याला एक लाइन दुरुस्त करायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या आत मिटवतील."

"म्हणजे नातू रिटायर होईस्तोवर."

सर हसत आणि फळा पुसायला घेत.

मग आखातात युद्ध सुरू झाले आणि त्या राष्ट्राध्यक्षांची विमाने त्यात उतरली. सर काही दिवस नुसती बातमी लिहीत राहिले. मग म्हणू लागले की एक दणका देतील आणि सगळ्यांना टेबलाशी बसवतील. आमच्या कचेरीत याच काळात परदेशाचे पान एका रात्रीत दोनदा-तीनदा बदलावे लागे. राष्ट्राध्यक्ष दुपारी वाटाघाटी चांगल्या चालल्याचे सांगत, संध्याकाळी शेवटचा इशारा देत, आणि आम्ही पान छपाईला सोडायच्या सुमारास जिंकल्याचे जाहीर करत. सुरुवातीला आम्ही प्रत्येक विधान जपून मांडायचो. पुढे त्यातले कुठले टिकेल याचा अंदाज बांधणे सोडून दिले आणि शेवटी आलेले छापू लागलो. बातमीदारीच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. राष्ट्राध्यक्ष बोलले होते, हे खरे होते.

मुलाचे जहाज तेव्हा आखाताच्या तोंडाबाहेर, फुजैरा बंदराजवळ नांगर टाकून उभे होते. आत आखातात जायचे, माल भरायचा आणि बाहेर यायचे. युद्धाच्या पाण्यात जायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क खलाशाला असतो. कंपनीने प्रत्येकाला विचारले होते. ज्याला नको असेल त्याला तिथेच उतरवून घरी पाठवणार होते. उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचे होते.

त्याच रात्री राष्ट्राध्यक्षांनी युद्धविराम जाहीर केला. समुद्रमार्ग सर्वांना खुला झाल्याचेही सांगितले. आमच्याकडे ती बातमी पहिल्या पानावर गेली. सरांच्या दुसऱ्या पेपरातही पहिल्या पानावर होती. सकाळी सरांनी फळ्यावर लिहिले, 'आखातात युद्धविराम. सागरी मार्ग खुला.' कोणी जाहीर केला, ते ओळीत मावत नव्हते. सरांनी ते गाळले.

मी तेव्हा झोपलेला होतो. पुढचे मला सरांच्या पत्नीने सांगितले. आम्ही त्यांना काकू म्हणतो. मुलाचा फोन सर फळा लिहून वर आल्यावर आला. लहानपणापासून तो वडिलांना एकच प्रश्न विचारायचा, परीक्षेच्या दिवशी, क्रिकेटच्या मॅचनंतर, पुढे बंदराबंदरांतून. त्या दिवशीही त्याने तोच विचारला.

"बाबा, फळ्यावर काय आहे?"

"युद्धविराम. मार्ग खुला."

"दोन्हीत आहे?"

"दोन्हीत. पहिल्या पानावर."

"ही म्हणते उतर आणि घरी ये. रात्रभर तेच चाललंय तिचं."

"तिचं बरोबर आहे, तिला काळजी वाटणारच. तू तुझं बघ." सर थोडे थांबले, असे काकू म्हणाल्या. "पण दोन्हीत आहे."

"मग मी हो सांगतो. इथे निम्मे जण उतरायच्या गोष्टी करतायत. उगाच घाबरलेत सगळे."

फोन ठेवल्यावर सरांनी चहा मागितला आणि कप हातात घेऊन मुलाच्या जहाजाचा मार्ग आखायची नकाशाची वही काढली. काकूंना ते आठवते, कारण त्या चिडल्या होत्या. सुनेने उतर म्हटले असताना फळ्याचे काय सांगता, असे त्या म्हणाल्या. सर म्हणाले, "मी माझं मत सांगितलं नाही. छापून आलेलं सांगितलं."

युद्धातल्या दुसऱ्या बाजूने असा कुठलाही करार मान्य केला नसल्याचे निवेदन त्याच दिवशी संध्याकाळी आले. ते मीच भाषांतरित केले. आमच्या पेपरात ते आतल्या पानावर, तळाला लागले. सरांच्या दुसऱ्या पेपरात ते आलेच नाही. सरांनी ते वाचले होते. पण ते एकाच पेपरात होते. नियमाप्रमाणे ते फळ्यावर आले नाही, आणि नियमाप्रमाणेच फोनवरूनही गेले नाही. जगाची ओळ दुसऱ्या दिवशीही बदलली नाही.

जहाज आत गेले. माल भरून परत येताना त्याच्यावर मारा झाला. आग लागली, इंजिन रूममध्ये पाणी शिरले, आणि ओढून नेत असताना जहाज बुडाले. कंपनीने डोंबिवलीला सुनेला फोन केला. सेकंड इंजिनिअर बेपत्ता आहे, शोध सुरू आहे.

सर दुपारी खाली माझ्याकडे आले. अंगात घरातला सदरा होता, हाताला खडू लागलेला. बसले नाहीत.

"तुमच्याकडे काय आलंय?"

मी त्यांना मोबाइलवर वृत्तसंस्थेची बातमी दाखवली. चार ओळी होत्या. जहाज, मारा, काही खलाशी वाचवले, एक भारतीय बेपत्ता. त्यांनी त्या दोनदा वाचल्या आणि मोबाइल परत दिला.

"ती युद्धविरामाची बातमी तुम्हाला कुठून आली होती?"

"वृत्तसंस्थेकडून."

"आणि त्या दुसऱ्या पेपराला?"

"त्याच वृत्तसंस्थेकडून."

"आणि तिला?"

"राष्ट्राध्यक्षांनी स्वतः लिहून टाकलं होतं. त्यांच्या अकाउंटवर."

"म्हणजे एकच माणूस."

मी हो म्हटले. सर दाराकडे वळले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी दोन मोजत होतो," आणि जिना चढून गेले.

त्या आठवड्यात राष्ट्राध्यक्षांनी पत्रकारांना सांगितले की युद्धविराम टिकून आहे आणि किरकोळ घटना होतच असतात. त्यानंतर त्यांनी मार्ग खुला ठेवण्याची जबाबदारी इतर देशांची असल्याचे सांगितले. त्यानंतर पुन्हा हल्ले सुरू केले आणि ते का सुरू केले याची दोन वेगवेगळी कारणे एकाच दिवशी दिली. मी ही सगळी विधाने मराठीत केली. त्यांतल्या एकातही जहाजाचा उल्लेख नव्हता. तो असावा अशी अपेक्षा एका उपसंपादकाने धरू नये, हे मला ठाऊक आहे. तरी मी प्रत्येक मजकूर त्यासाठी शेवटपर्यंत वाचत असे.

फळा बंद पडला नाही. तिसऱ्याच दिवशी सर खाली आले. पण त्यांनी जगाची ओळ लिहिली नाही. वरचा एक तृतीयांश भाग पुसून ओला काळा ठेवला आणि त्याखाली देशाची आणि ठाण्याची बातमी लिहिली. कळव्याचे गृहस्थ नातवाला सोडून आले आणि काही न बोलता बाजूला उभे राहिले. मी दूध घेऊन परतत होतो.

सर फळ्याकडे बघतच म्हणाले, "विचारा की."

"काय विचारू?"

"माझे साहेब आज काय म्हणतात ते."

"राहू द्या हो सर."

"नाही, रोज विचारता. आज का नाही?"

कळव्याच्या गृहस्थांनी खाली ठेवलेली खडूची पेटी उचलून सरांच्या हातात दिली. "चला," ते म्हणाले, "चहा घेऊ." सर गेले नाहीत. ते गृहस्थ मग स्टेशनपर्यंत एकटेच चालत गेले.

महिने गेले. शोध थांबला. कंपनीचे पत्र बेपत्ता हाच शब्द वापरत राहिले. तो मेला असावा असे कंपनीचे अधिकारी फोनवर म्हणत, पण तेही त्यांना कोणीतरी सांगितलेले असे. डोंबिवलीला सुनेचे माहेर जवळ होते. तिच्या भावांनी गुरुजींना विचारले. शरीर मिळाले नसेल तर दर्भाची प्रतिमा करून दहन करता येते, असे गुरुजींनी सांगितले. फक्त घरच्यांनी ठरवायला हवे, तो गेला म्हणून. सून म्हणाली, ठाण्याचे बाबा सांगतील तसे. तिने मंगळसूत्र काढले नव्हते. मुलीला बाबा बोटीवर आहे असेच सांगितले जात होते.

काकूंनी सरांना हे माझ्यासमोरच विचारले. पेपर परत द्यायला मी वर गेलो होतो.

"तिला असं किती दिवस लटकवून ठेवायचं? तिच्या कपाळाकडे बघून बायका काय काय बोलतात."

"एकच आहे अजून," सर म्हणाले. "कंपनी. आणि कंपनीला कोणी सांगितलं ते कंपनी सांगत नाही."

"अहो, मुलगा आहे तो. बातमी नाही."

सरांनी मी आणलेला पेपर घडी घालून गठ्ठ्यावर ठेवला.

पावसाळा संपता संपता डोंबिवलीपलीकडच्या मोहन्याहून एक माणूस सरांचे घर विचारत आला. पस्तिशीचा असेल. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजून आखडलेला. तो त्याच जहाजावर फिटर होता. इतके दिवस आधी परदेशातल्या रुग्णालयात आणि मग घरी पडून होता. सरांनी मला खाली निरोप पाठवला, या म्हणून. मी गेलो तेव्हा तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता आणि काकूंनी पुढे ठेवलेले पोहे त्याने उचलले नव्हते.

सर त्याच्यासमोर बसले आणि प्रश्न विचारू लागले. आवाज चढलेला नव्हता. कचेरीत आम्ही नव्या बातमीदाराला विचारतो, तसेच ते प्रश्न होते.

"तुम्ही कुठे होतात?"

"इंजिन रूममध्ये, मधल्या प्लॅटफॉर्मवर, सर. सेकंड साहेब खाली होते. पंपाचं काम चाललं होतं."

"दिसत होते?"

"हो. मला पाना खाली द्यायला सांगितला. मी द्यायला वाकलो, तेव्हाच झालं."

"नंतर?"

काकूंकडे त्याने एकदा पाहिले. काकू म्हणाल्या, "सांग बाळा."

"नंतर पण दिसले. खालची बाजू पूर्ण गेलेली. साहेब हलत नव्हते. मी हाक मारली. मग पाणी वर आलं त्यांच्यावरून. मला कोणीतरी मागून ओढलं."

"हे तुम्ही स्वतः पाहिलंत? कुणी सांगितलं म्हणून नाही?"

"स्वतः पाहिलं, सर."

"कंपनीला हे तुम्ही सांगितलं होतंत?"

"मी शुद्धीवर आलो तेव्हा त्यांचं पत्र आधीच गेलेलं. मला कोणी विचारायलाच आलं नाही."

"म्हणजे कंपनीचं वेगळं आणि तुमचं वेगळं."

"हो, सर."

सरांनी मान हलवली. हात मांडीवर उपडे ठेवले. "दोन झाले," ते म्हणाले.

काकू उठून आत गेल्या. फिटरने पोह्यांची बशी डाव्या हाताने उचलली आणि तशीच धरून ठेवली. सरांनी त्याला खाऊन घ्यायला सांगितले, परत कसा जाणार ते विचारले, आणि मग मला डोंबिवलीचा फोन लावून द्यायला सांगितले.

सुनेने लगेच उचलला. सरांनी मोहन्याचा माणूस आल्याचे सांगितले. त्याने काय पाहिले ते सांगितले, काही न गाळता. गुरुजींना कळव, म्हणाले. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे ती जे बोलली ते आम्हा सगळ्यांना ऐकू आले.

"बाबा, नक्की ना?"

सरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दोन्हीकडून आहे," ते म्हणाले.