अकरा नंबर कोणी दिला?

भुतंखेतं, भानामती असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात तर असलं बोलायचीही चोरी! वडील म्हणायचे, आधी पुरावा दाखवा, मग बोला. म्हणून आधीच सांगतो – माझ्याकडे पुरावा नाही. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. नाशिकला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या कॉलनीतल्या एका सरांनी आम्हा पोरांची श्रीलंकेची सहल काढली. रामेश्वरमपर्यंत रेल्वे, तिथून बोट आणि पुढे भाड्याची व्हॅन. बोधिवृक्ष, विहारं सगळं पाहून झालं आणि मग समुद्राच्या कडेकडेने प्रवास सुरू झाला. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला नारळ आणि माझ्या मांडीवर आईने दिलेली चिवड्याची पिशवी... ऐश होती नुसती.

सोबत मिलिंद होता, बालवाडीपासूनचा दोस्त. त्याची बहीण सुशीला, ती घरी नाशिकला. तिच्या आईने माझ्या आईकडे आमच्या लग्नासाठी शब्द टाकला होता. सुशीला मला मनापासून आवडायची, पण मिलिंदसमोर तो विषय निघाला की माझी दातखीळ बसायची. सहलीहून परत आलो की आईला सांगायचं, ‘हो कळव’, असं मी मनाशी ठरवलं होतं.

जाताना मनमाडला एकजण चहाच्या नादात प्लॅटफॉर्मवरच राहता राहता वाचला. तेव्हापासून सरांनी प्रत्येकाला नंबर देऊन टाकला. गाडी सुटायच्या आधी सगळ्यांनी ओळीने आपापला नंबर ओरडायचा. मिलिंद दहा, मी अकरा, सगळ्यात शेवटचा.

गॉल शहराच्या पुढे दुपारी व्हॅन थांबली. तिथले कोळी समुद्रात काठ्या रोवतात आणि वर बसून गळ टाकतात. ते बघत बघत मी खडकांपलीकडे गेलो. परत आलो तर रस्ता रिकामा... व्हॅन गेलेली!

परका देश, भाषेचा गंध नाही, पासपोर्ट सरांकडे. रडायचाच बाकी होतो. डोक्यात एकच आलं – मिलिंदने माझी प्रॉक्सी दिली. कॉलेजात तो हेच करायचा. माझा आवाज असा काढायचा की प्राध्यापकसुद्धा फसायचे.

नारळ विकणाऱ्या एका बाईंना माझे हातवारे समजले. त्यांनी बस थांबवून मला आत बसवून दिलं. मातारा या पुढच्या गावात स्टँडबाहेर आमची व्हॅन उभी होती आणि मंडळी चहा पीत होती. मी सरळ जाऊन मिलिंदची कॉलर धरली.

“लाज नाही वाटत? प्रॉक्सी द्यायची ही जागा आहे?”

त्याने माझा हात झटकला. “आन्या, येडा झाला का तू? आत्ता तर माझ्या शेजारून उठून गेला. पाणी पिऊन येतो म्हणाला ना!”

कोणीच हसलं नाही. सर म्हणाले, “अरे, अकरा मी स्वतः ऐकलं. मागे वळून पाहिलंसुद्धा. खिडकीशी बसला होतास तू.” आणि सर म्हणजे चेष्टामस्करीच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे.

व्हॅनमध्ये शिरलो. माझ्या जागेवर चिवड्याची पिशवी अर्धी रिकामी झालेली आणि शेंगदाणे तेवढे वेचून कागदावर ठेवलेले. शेंगदाणे शेवटी खायची सवय माझी आहे. पण हे मिलिंदलाही माहीत होतं, म्हणून मी काहीच मानलं नाही. नाशिक येईपर्यंत त्याच्याशी अबोला धरला.

घरी पोहोचलो आणि तापाने आडवा झालो. बरा झाल्यावर आईला होकार सांगितला. आई लगोलग त्यांच्याकडे गेली, आणि तितक्याच लवकर परत आली.

“तिचं नांदगावला जमलं म्हणे. मास्तर हाय मुलगा. आपल्याला विचारलं बी नाय रे...”

मी लग्नाला गेलो नाही. समजवायला मिलिंदही आला नाही. ज्याच्या डब्यात जेवलो त्याने असा गळा कापावा? फार लागलं मला ते. अजूनही लागतं.

मागच्या वर्षी तो अचानक नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर भेटला, नांदगावच्या गाडीची वाट बघत. बहिणीकडे निघाला होता. इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडलंच.

“मिल्या, एवढंच सांग. मला एकदा विचारलं का नाहीस?”

“काय विचारायचं?” तो म्हणाला. “तूच सांगितलं ना व्हॅनमध्ये... सुशीला नको, घरी सांग, दुसरं स्थळ बघा. मी किती विनवलं तुला, आन्या!” त्याचे डोळे भरून आले होते.

“मी त्या व्हॅनमध्ये नव्हतो रे!”

“मग कोण होतं?”

मास्तरांचं स्थळ चांगलं वाटलं म्हणून तो हे रचून सांगत असेल, तर त्याने मला फसवलं. पण तो खरं बोलत असेल तर? मग माझ्या आवाजात कोणीतरी सुशीलाला नकार दिला, आणि शेजारी बसलेल्या माझ्या जिवलग दोस्ताला तो मी नाही हे कळलंही नाही.

गाडी लागली. पायरीवर पाय ठेवून तो मागे वळला.

“एक सांगू? त्या दिवशी जेवढा मोकळा बोलला ना तू माझ्याशी... तेवढा आधी कधीच बोलला नव्हता.”