सरांशिवायचं पहिलं वृंदगान

परवा रविवारी आमच्या नंदनवन भागातल्या एका हॉलमध्ये मी स्टेजवर उभी होते आणि खरं सांगते, पळून जावंसं वाटत होतं... समोर आमचा अख्खा वृंद, पाठीमागे खचाखच प्रेक्षक.

आमच्या वृंदगानाचे सर उन्हाळ्यात गेले. चाली त्यांच्याच, शिकवणं त्यांचं, आणि कार्यक्रमात वृंदासमोर उभं राहून हाताने खुणा करणंही त्यांचंच. आता ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. का, तर म्हणे मला नोटेशन वाचता येतं!

त्यात सगळ्यांचं ठरलेलं... हा कार्यक्रम जमला तर ग्रुप चालू ठेवायचा, नाहीतर सरांच्या नावाला बट्टा नको, बंदच करायचा. पहिल्या रांगेत सरांच्या मिसेस, आमच्या काकू.

सरांची शेवटची चाल सगळ्यात अवघड. बायका एक ओळ धरून ठेवतात आणि मागून पुरुष दुसरी घेऊन येतात. नेमकी तिथंच, पुरुषांना खूण करायच्या जागी, मी ब्लँक झाले. हात वर गेला तो तिथंच राहिला... मेले! संपला ग्रुप! एवढंच डोक्यात.

आणि पुरुष आले. अगदी जागेवर! बघते तर अर्ध्या गाणाऱ्यांचे डोळेच मिटलेले. गाणं शेवटपर्यंत नीट गेलं, माझा हात मात्र अधांतरीच...

नंतर विंगेत मी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या सुमनताईंवर चिडलेच. माझ्याकडे कोणीच का बघत नव्हतं?

"तुह्याकडे काहून पाहायचं वं? तुहं तोंड पाहिलं असतं, त आमाले बी घाम फुटला असता!"

मी हसले, आणि मग रडू आवरेना. सरांची तालीम आठवली. गाणं ऐन भरात आलं की सर चपला घालून चक्क बाहेर निघून जायचे. समोर कोणीच नाही, मग आम्ही एकमेकांचा श्वास ऐकत तसेच गात राहायचो. सर तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला जातात, अशी आमची पक्की खात्री.

मी काकूंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "खर्रा? त्यांनी जन्मात तोंडात टाकला नाही गं. दाराबाहेर उभे राहून ऐकायचे तुम्हाला."

ग्रुप चालू राहतोय. सर, थँक यू...

येत्या रविवारची तालीम मी घेणार आहे. गाणं भरात आलं की मला चपला घालून बाहेर जायचंय...