झोपाळ्याला लागणारी जागा

फ्लॅटची चावी उत्तरायणानंतर मिळाली. भाडेकरार डिसेंबरातच झाला होता, पण घरमालकीणबाई ऐकेनात. त्या तळमजल्यावर राहतात आणि अख्खी इमारत त्यांना मासी म्हणते. मकरसंक्रांतीच्या आधीचा महिना, म्हणजे कमुरता, चालू असताना नव्या घरात पाऊल ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. "करार थयो ने? बस. चावी कमुरता पछी," असं म्हणून त्यांनी चहा पाजला आणि आम्हाला परत पाठवलं.

तो महिना आम्ही बडोद्यातल्या फतेगंजातून जाता-येता वर बघण्यात घालवला. तिसरा मजला, डावीकडची बाल्कनी. नवऱ्याने एकदा भर रस्त्यात स्कूटर थांबवून बाल्कनीला हात केला. बाल्कनीत कुणी नव्हतं. मागच्या रिक्षावाल्यानेही वर बघितलं.

लग्नाला अकरा महिने झाले होते. तोवर आम्ही प्रतापनगरला थोरल्या दिरांच्या दोन खोल्यांत राहत होतो. दीर, जाऊ, सासरे आणि आम्ही दोघं. भांडण कधीच झालं नाही, कारण भांडायला वेगळी खोली नव्हती.

नव्या घराची मापं मी घेतली. हॉल चौदा फूट बाय दहा. बेडरूम दहा बाय दहा. स्वयंपाकघरात एका वेळी एक माणूस, आणि त्याने वळताना बेतानं वळायचं. प्रत्येक माप दोनदा घेतलं, कारण माझा धंदाच तो आहे. मी वर्तमानपत्रात पानं लावते. पान लावण्याआधी त्याचा कागदी आराखडा काढतात, त्याला डमी म्हणतात. बातमी कुठे, फोटो कुठे, जाहिरात कुठे, हे सगळं त्यावर आधी ठरतं. डमीवर जे बसत नाही ते छापलं जात नाही.

मी हॉलची डमी काढली. एक इंच म्हणजे एक फूट. सोफा, फ्रिज, घडीचं टेबल, दोन खुर्च्या, चपलांचं कपाट, सगळ्यांचे पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि तीन दिवस ते कागदावर सरकवत बसले. नवरा शेजारी बसून एकेका तुकड्याची बाजू घेत असे.

"सोफ्याला जरा खिडकी दे ना. बिचारा भिंतीकडे तोंड करून बसलाय."

"सोफ्याला तोंड नसतं."

"मग पाठ दे."

आमचं अजून काहीही आलं नव्हतं. तरीही आम्ही पुठ्ठ्याच्या टेबलावर कुणाला जेवायला बोलवायचं याची यादी केली. यादीत एकोणीस जण झाले. खुर्च्या दोन होत्या.

याच दिवसांत झोपाळ्याचा प्रश्न निघाला. बडोद्यात त्याला हिंचका म्हणतात, आमच्या घरीही तोच शब्द. सासरे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. क्वार्टरच्या व्हरांड्यात त्यांनी तो टांगला होता. पाच फुटी सागवानी पाट त्यांच्या एका सुतार मित्राने केला आणि पितळी कड्या सासऱ्यांनी स्वतः कानशीने घासून जुळवल्या. नवरा त्यावर लहानाचा मोठा झाला. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं. दिरांच्या फ्लॅटला छताला हूक नव्हते, त्यामुळे सहा वर्षं झोपाळा खाली पार्किंगमध्ये पडून होता. कड्या पोत्यात, पाट चार विटांवर. रोज दुपारी सासरे पेपर घेऊन खाली जात आणि त्या विटांवरच्या पाटावर बसत.

जानेवारीत सोसायटीने नोटीस लावली की महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत पार्किंग रिकामं करावं. मांडवीकडचा जुन्या फर्निचरचा एक व्यापारी येऊन पाट बघून गेला. रविवारी टेम्पो आणतो म्हणाला.

"नेऊ दे," सासरे जेवताना म्हणाले. "लाकूडच आहे."

ताकभाताशिवाय ते कधी पानावरून उठल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. त्या दिवशी ते आमटीभातावर उठले. जावेने माझ्याकडे बघितलं. नवऱ्याने डमीकडे बघितलं.

"बसेल का गं आपल्या हॉलमध्ये?"

मी पाच इंच बाय दोन इंचाचा तुकडा कापला, हॉलच्या मधोमध ठेवला. सोफा समोरच्या भिंतीला लावला, म्हणजे सोफ्यावरचे आणि झोपाळ्यावरचे समोरासमोर गप्पा मारतील. फ्रिज त्याच भिंतीच्या कोपऱ्यात. टेबल मागे, दाराजवळ. सोफा आणि झोपाळा यांच्यात तीन फूट मोकळे राहत होते.

"बसतो," मी म्हटलं.

हे विधान मी पूर्ण जबाबदारीने केलं होतं.

हूकचा प्रश्न मासींनी अर्ध्या मिनिटात सोडवला. त्यांना परवानगी मागायला गेलो तर हिंचक्याशिवायचं घर हे काय घर, म्हणून त्या रागावल्या. "हींचका वगरनुं घर, ए घर केवाय? हूक तो छे ज! उपर जुओ, पंखानी पेली बाजू." आधीच्या भाडेकरूंनी छताला प्लास्टर ऑफ पॅरिस मारून हूक गाडून टाकले होते. नवरा स्टुलावर चढून लाटण्याने छत ठोकू लागला. मासी खालून दिशा देत होत्या, डावे, हजी डावे, म्हणजे अजून डावीकडे, अरे जमणे, म्हणजे उजवीकडे. चौथ्या मजल्यावरच्यांनी येऊन विचारलं की काही हवंय का. नवव्या ठोक्याला प्लास्टरचा एक मोठा तुकडा नवऱ्याच्या डोक्यावर पडला आणि लोखंडी हूक बाहेर आला. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. "सापडला," तो म्हणाला, आणि त्याच अवस्थेत त्याने मासींना वाकून नमस्कार केला. दुसरा हूक पाच फुटांवर निघाला. मिस्त्रीने येऊन दोन्हींना लोंबकळून बघितलं आणि पास केलं.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी सोफा, फ्रिज आणि टेबल आलं. मी डमी हातात धरून उभी होते. सगळं जिथल्या तिथे लागलं, इंचाचाही फरक नाही. हमालांनी सोफा ठेवल्यावर तो जरा तिरका वाटतो का असं नवऱ्याने विचारलं; मी टेप लावून दाखवला.

अकराच्या सुमारास टेम्पो आला. ड्रायव्हरशेजारी जागा होती, पण सासरे मागे बसले होते. पाट टेम्पोत आडवा टाकला होता आणि त्यावर ते, मांडीवर कड्यांचं पोतं घेऊन. प्रतापनगर ते फतेगंज ते असेच आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि खडूचा तुकडा. वर्कशॉपमध्ये लोखंडावर खूण करायला खडू लागे, ती सवय राहिली आहे.

त्यांनी आल्या आल्या चिंच मागितली. गॅलरीत बसून तासभर कड्या घासल्या. मग नवऱ्याला स्टुलावर चढवलं आणि खालून आज्ञा सोडू लागले.

"ती नाही, ती चौथी. एक नंबरची दे आधी."

"सगळ्या सारख्याच आहेत बाबा."

"तुला काय कळतंय? सारख्या असत्या तर मी नंबर कशाला पाडले असते?"

नंबर खरोखरच पाडलेले होते, प्रत्येक कडीच्या पोटात, तांदळाच्या दाण्याएवढे.

साडेबाराला झोपाळा लागला. हॉलच्या मधोमध, जमिनीपासून दीड फूट, एकदम सरळ. पितळ इतकं चमकत होतं की भिंतीवर कवडसे पडले. मी डमीकडे बघितलं, हॉलकडे बघितलं. दोन्ही तंतोतंत जुळत होतं. सासरे पाटावर बसले. पाटावर हात फिरवला. नवरा म्हणाला, "बाबा, देऊ झोका?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने दिला.

झोपाळा पुढे गेला आणि सासऱ्यांचे दोन्ही पाय नव्या सोफ्यात रुतले. तिथून उसळून तो मागे आला, टेबलाला लागला, टेबल आपोआप मिटलं. नेमक्या त्याच क्षणी मासी सुखडीची थाळी घेऊन दार ढकलून आत येत होत्या. मिटलेलं टेबल दारावर, दार थाळीवर. "ओ मा!" असा आवाज आला आणि सुखडीच्या वड्या हॉलभर पसरल्या.

झोपाळा हळूहळू थांबला. थांबल्यावर तो पुन्हा डमीप्रमाणेच दिसू लागला.

मी झोपाळ्याचं माप पार्किंगमध्ये घेतलं होतं. विटांवर ठेवलेल्या पाटाचं. पाच फूट बाय दोन फूट, बरोबर होतं ते. तो हलतो, ही गोष्ट तीन दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आली नव्हती. अठरा वर्षं मी फक्त एका जागी थांबणाऱ्या वस्तू पानावर लावत आले आहे.

सासरे उठले. वाकून सुखडीची एक वडी उचलली, मासींच्या थाळीत ठेवली.

"राहू दे," ते म्हणाले. "उतरवा. तुमचं घर आहे, तुम्हाला सोफा पाहिजे, फ्रिज पाहिजे. हे म्हाताऱ्याचं खूळ. तो माणूस उद्या येतोच आहे." आणि ते पोतं शोधू लागले.

नवरा माझ्याकडे बघत होता. मग तो एकही वडी तोंडात न टाकता सुखडी गोळा करू लागला, आणि ते त्याच्या बाबतीत फार गंभीर लक्षण आहे.

आमच्या धंद्यात चूक झाली की दुसऱ्या दिवशी चौकटीत खुलासा छापतात. बारीक टाइपात, आतल्या पानावर. मी डमी फाडली. पुठ्ठ्याचे तुकडे नवऱ्याच्या हातात दिले.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "बाबा, पोतं ठेवा. बसा परत."

"कशाला?"

"माप घ्यायचंय. तुमच्या खिशातला खडू द्या."

"संपादकबाई, झालं ना एकदा माप घेऊन?"

"ते पाटाचं झालं. आता तुमचं."

ते हसले नाहीत, पण खडू दिला. आम्ही तिघांनी सोफा उचलून बेडरूमच्या दारात नेला, टेबल गॅलरीत, फ्रिज भिंतीशी चिकटवला. सासरे बसले. आधी बेतानं, पायाच्या अंगठ्याने रेटत. "हा तुमचा रोजचा झोका?" मी विचारलं.

"हा पाहुण्यांसमोरचा."

"रोजचा दाखवा."

नवरा म्हणाला, "क्वार्टरमधला दाखवा बाबा."

मग त्यांनी पाय लांब केले आणि पाट मागे खेचून सोडला. कड्या वाजल्या. मी जमिनीवर उकिडवी बसून, त्यांचा पाय जिथे पोचेल तिथे खडूने रेघ मारू लागले. पहिली रेघ पुसावी लागली, दुसरीही. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पांढरा शर्ट फुगलेला, आणि मासी दारात टाळ्या वाजवत, "हजी! हजी!" तिसरी रेघ फ्रिजच्या पोटावर आली. चौथी रेघ मारायला भिंत लागली.

मागची रेघ दाराच्या आड येत होती. दार आत उघडतं, तीन फूट. झोपाळा तिथे अर्धा फूट घुसत होता. यावर उपाय नव्हता, आणि आम्ही तो शोधलाही नाही.

नवं पान असं लागलं. खडूच्या दोन रेघांच्या मध्ये काहीही ठेवायचं नाही, म्हणजेच हॉलमध्ये काहीही ठेवायचं नाही. फ्रिज बेडरूममध्ये गेला, पलंगाच्या उशाशी. चपलांचं कपाट गॅलरीत. टेबल दुकानदाराने परत घेतलं. सोफ्याकडे मासी सकाळपासून बघतच होत्या. त्यांच्याकडे दुपारी सत्संगाच्या बायका येतात आणि खाली बसल्यावर निम्म्या जणींना उठता येत नाही. "अमने आपी दो," त्या म्हणाल्या. सोफा आमच्या घरात सव्वाचार तास होता. तो जिन्यावरून खाली जाताना नवऱ्याने वरून त्याला सांगितलं, "खिडकी मिळेल आता तुला." हमाल थांबून वर बघू लागले.

रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमत होता. आम्ही दोघं हसायला लागलो आणि ते थांबेना. एकोणीस पाहुण्यांची यादी निघाली. एका वेळी तिघं बसतील, असा हिशोब सासऱ्यांनी सांगितला, बारीक असतील तर चार.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. व्यापारी होता. उद्या नऊ वाजता टेम्पो आणू का, म्हणत होता. सासऱ्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"तूच सांग."

"बाबा, तुमचा झोपाळा आहे. तुम्ही सांगा."

त्यांनी एक हात पाटावर ठेवला. मग फोन कानाला लावून म्हणाले, "ना भाई. टेम्पो न लावता. लगावी दीधो." टेम्पो आणू नका, टांगून टाकला, एवढंच सांगून त्यांनी फोन खिशात टाकला आणि शेजारी थाप मारली. "बस गं. पाय वर घे."

मी बसले. त्यांनी रेटा दिला. भिंत जवळ आली, दूर गेली. नवरा संध्याकाळचं दूध आणायला खाली गेला होता. काही वेळाने दारावरची बेल वाजली.

"बाबा, थांबवा. तो आलाय."

"कशाला थांबवायचा? आत्ता कुठे वेग धरलाय."

"दाराला लागेल."

"लहानपणी अभ्यासाला न बसता याच्याखालून पळायचा तो. त्याला कळतं कधी शिरायचं."

दार दोन बोटं उघडलं. फटीतून एक डोळा दिसला. आम्ही मागे गेलो, दार मिटलं. आम्ही भिंतीकडे निघालो आणि नवरा दुधाची पिशवी डोक्यावर धरून, वाकून, घरात शिरला.