लोखंडाची सात डोकी

बंदुकीची मला किळस आहे. भीती नाही, किळस. लोकांना वाटतं, म्हातारा मोठा अहिंसावाला आहे. कसला अहिंसावाला डोंबलाचा! मला शिसारी येते ती मी माझ्या हातानं केलेल्या कामाची, आणि त्यानंतर या तोंडानं जे बोललो त्याची. ही हकिगत मी घरात कधी पुरी सांगितलेली नाही. मुलीला अर्धी ठाऊक आहे. ती अर्ध्यावरच "पापा, एस राइश्ट" म्हणून उठून जाते. पुरे झालं म्हणे. पुरं कुठं झालंय अजून?

सांगलीहून डिप्लोमा घेऊन मी ब्राउनश्वाइगला आलो तेव्हा पन्नासचं दशक सरत आलं होतं. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात शिकायचं होतं, पण प्रवेशाआधी एखाद्या वर्कशॉपमध्ये वर्षभर हातानं काम केलेलं असलं पाहिजे असा नियम. मला गावाबाहेरचं एक छोटं वर्कशॉप मिळालं. मालक स्वतःच माइस्टर, म्हणजे आपल्याकडचा मोठा मिस्त्री. आठवडाभर काय काम केलं ते एका वहीत लिहायचं, शेजारी आकृती काढायची आणि खाली माइस्टरची सही घ्यायची. या वहीला बेरिश्ट्सहेफ्ट म्हणत. वर्ष संपलं की त्या वहीवरून दाखला. दाखला नाही तर प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर मुकाट्यानं परत. आणि परत जाऊन तोंड कुणाला दाखवणार होतो? स्टेशनवर हार घालून पाठवलं होतं मला.

माइस्टर हा एक गलिच्छ माणूस होता. कामात वाकबगार, पण गलिच्छ. सकाळी साडेनवाला तो पावावर डुकराचा कच्चा खिमा थापायचा, वर कांदा, आणि ते खात खात माझी वही चाळायचा. प्रत्येक पानावर त्याच्या अंगठ्याची चरबी उमटलेली असायची. मी रात्री ती पानं टीपकागदानं टिपत बसे. सही करताना तो पेन्सिल जिभेला लावी, आणि लावताना माझ्याकडं बघून हसे. मी पण हसे. काय करणार, अडला हरी गाढवाचे पाय धरी.

राहायला त्याच्याच घरात माळ्यावरची खोली होती. त्याची बायको पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, कमी बोलणारी. मी मनात तिला काकू म्हणत असे, आणि इथंही तसंच म्हणतो. मी मांस खात नाही हे कळल्यावर माइस्टर आठ दिवस हसत होता. काकूंनी मात्र दुसऱ्या दिवशी एक पातेलं वेगळं काढलं आणि त्याला लाल दोरा बांधून ठेवला. त्यात बटाटे, फरसबी, कधी मसूर. आईचं पत्र आलं की विचारायच्या, "काय म्हणते आई?" मी मोडक्या जर्मनमध्ये सांगायचो, त्या हात पुसत पुसत ऐकायच्या. परक्या देशात कुणी इतकं विचारत नाही हो.

माइस्टर रविवारी नेमबाजीच्या क्लबात जायचा. लढाईनंतर काही वर्षं हे क्लब बंद होते, आता परवानगी परत मिळाल्यामुळं मंडळींना उधाण आलं होतं. बीटाच्या शेतामागं मातीचा बांध घातलेला, त्याच्यासमोर कागदी निशाणं, आणि अलीकडं पोटं सुटलेले दहा-बारा पुरुष. बिअरचे ढेकर देत देत ते युद्धाच्या गोष्टी सांगायचे. कुठं कुणाला कसा टिपला! हे बोलताना त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं, मी पाहिलंय. कागदाचा माइस्टरला कंटाळा आला होता. "कागदाला भोक पडतं. त्यात काय मजा? वाजलं पाहिजे, पडलं पाहिजे," म्हणाला. म्हणून मग लोखंडाची निशाणं घरीच करायची ठरली. घरी म्हणजे मी.

वर्कशॉपमागं एका जुन्या पाण्याच्या टाकीची आठ मिलिमीटरची प्लेट गंजत पडली होती. ती त्यानं मला ओढून आणायला लावली आणि वर पुठ्ठ्याचा एक नमुना ठेवला. डोकं, मान, खांदे. मला वाटलं होतं गोल चकत्या असतील. "गोल नाही?" म्हटलं तर म्हणाला, "गोल चकती पळून जाते का कधी?" आणि खोकला येईपर्यंत हसला. मी गॅसनं कापली. एक नाही, सात. मग प्रत्येक डोक्याची कड कानशीनं घासून गुळगुळीत केली, कानापासून कानापर्यंत. आमच्या घरी लोखंडाला पाय लागला तर हात जोडतात. खंडेनवमीला वडील हातोड्या-पान्यांना हळदकुंकू लावायचे. आणि मी इथं माणसाच्या मानेचा बाक नीट आला की नाही ते डोळा बारीक करून बघत होतो. शी!

पण खरी गोष्ट कानशीनं सांगितली. कडक पोलादावर कानस घसरते, चावत नाही. इथं ती खाली बसत होती, भुगा सांडत होता. ही प्लेट मऊ होती. मऊ प्लेटवर जड गोळी बसली की खळगा पडतो, खळग्याला वर उचललेली कड येते, आणि पुढची गोळी त्या कडेवर आपटली की तिचे तुकडे खाली मातीत न जाता उलटे मारणाऱ्याकडं येतात. हे समजायला विद्यापीठ लागत नाही. सांगलीच्या वर्कशॉपमधल्या झाडूवाल्यालाही सांगता आलं असतं.

मी बोललो. नाही असं नाही. कसं बोललो ते सांगतो. म्हणालो, "माइस्टर, प्लेट छान आहे. फक्त, जराशी मऊ असेल का? अर्थात तुम्हाला जास्त कळतं."

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. "मला जास्त कळतं."

झालं, संपलं. आपल्याकडं वडीलधाऱ्या मिस्त्रीसमोर कुणी "हे चूक आहे" म्हणत नाही. "फक्त" म्हटलं, मान खाली घातली, की मिस्त्री काय ते समजतो, चष्मा लावतो आणि स्वतः कानस फिरवून बघतो. मी तोच हिशेब धरला होता. जर्मनीत "फक्त" कुणाला ऐकूच येत नाही! त्याच आठवड्यात आमच्या लेथवरच्या जर्मन कारागिरानं माइस्टरला तोंडावर सांगितलं होतं, "हे माप चुकलंय, मी असं कापणार नाही." माइस्टर गुरगुरला आणि त्यानं माप बदललं. म्हणजे सांगता येत होतं. मीच शेपूट घातली आणि वर तिला नम्रपणा म्हटलं.

सात डोक्यांना खाली बिजागऱ्या जोडल्या, म्हणजे गोळी लागली की ती मागं पडतील. उभी करायला एक लांब तार. शेवटी माइस्टरनं रिवाजाप्रमाणं अंक ठोकायचे पंच पुढं केले. ज्यानं काम केलं त्याचा नंबर त्या कामावर ठोकायचा. माझा नंबर चौदा. मी सातही प्लेटींच्या मागं तो ठोकला, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला थोडा अभिमानच वाटला.

तार ओढायचं काम काकूंकडं आलं. नेमबाज फक्कीच्या पांढऱ्या रेघेवर उभे राहायचे, आणि रेघेच्या चांगली दोन पावलं मागं एका बाजूला स्टुलावर काकू बसायच्या. टण्ण वाजलं, डोकं पडलं, पुरुष ओरडले, की काकूंनी तार ओढायची. मेलेली माणसं परत उभी. परत टण्ण. त्यांना यात काडीचा रस नव्हता. मांडीवर विणकाम असायचं.

एका रविवारी क्लबातल्या एका शिकाऱ्यानं त्याची रानडुकराची मोठी बंदूक आणली. छोट्या बंदुकीच्या शिशाच्या गोळ्यांनी तोवर फक्त काळे डाग पडले होते. या बंदुकीनं प्लेटींची चाळण नाही, पण वाट्या झाल्या. मी बोटं फिरवून पाहिली. खळग्यांच्या कडा बोटाला लागत होत्या, हातावरचा फोड फुटतो तशा वर आलेल्या. आता तरी तोंड उघडायचं! सोमवारी माइस्टरनं पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या हातात दिला. "नवीनासारख्या कर." वर्षातल्या शेवटच्या सहा आठवड्यांच्या सह्या बाकी होत्या. मी सात डोकी रंगवली. खळग्यांत रंग दाट भरला, कडांवर दोन हात दिले, आणि लांबून काही दिसेनासं केलं. या कामाची नोंद मी वहीत केली नाही. म्हणजे मनाला सगळं ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी तिसऱ्या की चौथ्या गोळीला आवाज वेगळा आला. टण्ण नाही, चर्रकन. काकूंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि "ओ" म्हणाल्या. एवढंच. मग डाव्या डोळ्यावर हात ठेवला. कुणाच्या लक्षातही आलं नाही, पुरुष ओरडत होते की डोकं पडलं नाही म्हणून. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. बोटांमधून खाली काय आलं ते मला लिहवत नाही.

डोळा गेला. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं.

आणि त्याच दिवसापासून क्लबात एक नवीन गोष्ट सुरू झाली. बाई रेघेच्या पुढं सरकल्या होत्या. पहिल्यांदा एकानं सांगितलं, संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी पाहिलेलं होतं. दोन पावलं पुढं! बायकांचं लक्षच नसतं! सांगितलं होतं, विणकाम आणू नका! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. रेघ जागच्या जागी होती, स्टुलाच्या पायांची भोकं मातीत रेघेच्या मागं तशीच होती. सोमवारी जाऊन मी ती बघून आलो.

विम्याचा माणूस येणार होता, त्याच्या आदल्या दिवशी माइस्टर माझ्या बाकाशी आला. हातात पाव नव्हता. माझी वही उघडून त्यानं उरलेल्या सगळ्या आठवड्यांच्या सह्या आगाऊच एकामागून एक केल्या. पेन्सिल नव्हे, शाई. मग म्हणाला, "प्लेटवर नंबर चौदा आहे. माझा नाही. पण कुणी प्लेट उलटी करून बघायचं कारण नाही, माझी बायको रेघेच्या पुढं होती. तू शेजारी होतास. तू पाहिलंस."

मी "या" म्हणालो, म्हणजे हो. विम्याच्या माणसालाही "या" म्हणालो. त्यानं एक ओळ लिहिली आणि टोपी घालून गेला. प्लेटी त्याच रात्री भंगारात गेल्या.

हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. परका मुलगा, दगडाखाली हात, भ्यायला. लोक समजून घेतील. पण आठ दिवसांनी मी इस्पितळात काकूंना भेटायला गेलो. बीटाचा हंगाम सुरू झाला होता, साखर कारखान्याचा कुजका गोड वास आत येऊ नये म्हणून खिडक्या लावलेल्या होत्या. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. मला बघून त्यांनी आधी विचारलं, जेवायला कोण घालतं तुला? मग जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "मला एक सांग. ते सगळे म्हणतात मी पुढं गेले होते. मला आठवतं की मी स्टुलावरच होते. पण ते बारा जण आहेत. तू पीत नाहीस, तू खोटं बोलत नाहीस. तू सांगशील तेच मी खरं मानीन. मी कुठं होते?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. माइस्टर नव्हता, वही नव्हती, सह्या झालेल्या होत्या. तिथं खरं बोललो असतो तर कुणी माझा केसही वाकडा केला नसता.

मी म्हणालो, "दोन पावलं पुढं होतात, काकू." काकू हा शब्द मराठीतच गेला, त्यांना कळला नाही.

त्यांनी पांघरुणाची कड नीट केली. "मग बिचाऱ्यांना मी उगाच मनात शिव्या दिल्या," म्हणाल्या.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी सफरचंदाचा मोठा केक केला. एका डोळ्यानं अंदाज येईना, साखर ओट्यावर सांडत होती. केक क्लबासाठी होता. सगळ्यांचा रविवार आपल्यामुळं नासला म्हणून माफी मागायची होती. ताटली जड झाली म्हणून ती मी उचलली. बारा पुरुषांसमोर काकू उभ्या राहिल्या, म्हणाल्या, माझी चूक होती, मला माफ करा. माइस्टरनं त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, जाऊ दे, होतं असं. मग त्यांनी केक कापला, आणि पहिला तुकडा मला दिला, आपल्याला खरं सांगितलं म्हणून. मी तो सगळ्यांसमोर खाल्ला, आणि विचारल्यावर चांगला झालाय म्हणून सांगितलं.